शेवटच्या थांब्याच्या पुढे

माझ्या दुकानात दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी लोकांचे केस कापतो आणि दुसरीवर माझा मेहुणा बसतो. त्या दुसरीचा पंप गेलाय, ती वरखाली होत नाही, म्हणून मी ती भंगारात काढणार होतो. पण मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ. त्याला खुर्चीवरून उठवायचं तर आधी रात्री जेवायचं कुठं याचा विचार करावा लागतो. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी घोडं धाडलं असतं तर निदान ते विकता तरी आलं असतं.

गल्लीत त्याला टाइमटेबल म्हणतात. नोकरी विजेचे मीटर वाचायची. सकाळी सात ते अकरा लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपतो आणि साडेअकराला माझ्या खुर्चीवर हजर. काखेत गाड्यांची वेळापत्रकं, खिशात वही. वय बावन्न, लग्न नाही. एकदा एक स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांना यानं परत जायला स्वस्तातली गाडी सांगितली. ते त्या गाडीनं गेले ते गेलेच.

गल्लीतल्या कुणालाही कुठंही जायचं असो, तो आधी माझ्या दुकानाच्या दारातून डोकं घालतो आणि विचारतो, "टाइमटेबल आहे का?" केस कापायचं नाव नाही. मग मेहुणा त्याला बाकावर बसवून डॉक्टरासारखा तपासतो. सामान किती, घाई किती, उभं राहवतं का, आणि पोटाचं कसं आहे. पोटाचं विचारायचं कारण, स्वस्तातल्या काही गाड्यांना चार-चार तास सोय नसते. सगळं ऐकून घेतो, डोळे मिटतो आणि सांगतो. थेट तिकीट काढू नका, जंक्शनपर्यंत एक काढा आणि पुढचं दुसरं, दोन्ही मिळून कमी पडतं. एक्स्प्रेसच्या मागून पॅसेंजर निघते, तीही तिथंच जाते. बसायला जागा हवी तर आधी एक स्टेशन उलटं जा. एका माणसाची दाढ दुखत होती, त्याला यानं तीन बस बदलून सरकारी दवाखान्यात पाठवलं. पोचेपर्यंत दाढ दुखायचीच थांबली, असं तो माणूस अजून सांगतो.

याबद्दल मेहुणा कुणाकडून छदाम घेत नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, आणि चूल माझी. चहाही मीच पाजायचा.

खोटं कशाला बोलू, लोकांचं भलं होतं. शाळेत स्वयंपाक करणारी बाई सहा वर्षांनी बहिणीला भेटून आली, ती याच्यामुळेच. येताना माझ्यासाठी काही आणलं नाही, ते सोडा.

स्वतः मेहुणा दर रविवारी प्रवासाला जातो. सकाळी निघतो, कुठल्यातरी गाडीच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जातो आणि त्याच गाडीनं परत येतो. समुद्राच्या गावाला तर अकरा वेळा जाऊन आलाय. एकदा मी विचारलं, "काय रे, समुद्र कसा आहे?"

"बघितला नाही, भाऊजी. भिंतीपलीकडे आहे. गाडी तिथं सहाच मिनिटं थांबते. बघायला गेलो तर परतीची सुटेल."

"मग पुढची घ्यायची."

"पुढचीला पास चालत नाही."

मी कपाळाला हात लावला आणि गिऱ्हाइकाच्या मानेकडे वळलो. हा माणूस आपल्याला कुठंही पोचवेल आणि तिथं पोचल्यावर काय असतं ते त्याला ठाऊक नसेल, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी हसलो आणि विसरून गेलो.

आमच्या दुकानासमोर इस्त्रीवाल्या मावशीचं दुकान आहे. माझे टॉवेल आणि एप्रन तिच्याकडे जातात. तीस वर्षं उभं राहून तिच्या गुडघ्यांची वाट लागलीय, आणि त्याचा सगळा राग तोंडातून निघतो. पण तिचा मुलगा तुरुंगात आहे, म्हणून तिचं बोलणं कुणी मनावर घेत नाही. पोरगा दारू पिऊन एकाशी भांडला, त्याचं डोकं फोडलं, पाच वर्षं लागली. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी भेट असते, वीस मिनिटं. दुपारी दोनच्या आत दारावरच्या खिडकीत नाव लिहायचं. दोन वाजले की खिडकी बंद, मग तुम्ही आई असा नाहीतर राणी असा.

मावशी थेट गाडीनं जायची. ती गाडी वरच्या रस्त्यानं जाते आणि तुरुंगाच्या दारातच उतरवते, पण भाडं असं की ती तीन महिन्यांतून एकदाच जाऊ शकायची. पोरगा वर्षातून चारदा आईला बघायचा.

मीच तिला म्हटलं, "मावशी, समोर आमचं टाइमटेबल फुकट बसलंय. त्याला विचारा की." मेहुण्याचा एकदा तरी काही उपयोग आहे असं मला बायकोला सांगायचं होतं. म्हणजे पापात वाटा माझाही आहे.

मेहुण्यानं दोन दिवस घेतले. पहाटेची पॅसेंजर, जंक्शनला उतरून दुसरी पॅसेंजर, तिथून डेपोची बस. शेवटचा थांबा, कारागृह. पोचायची वेळ एक पस्तीस. भाडं थेट गाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही नाही. "पंचवीस मिनिटं हातात राहतात, मावशी," तो म्हणाला. "ऐसपैस. आता दर महिन्याला जा."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दर महिन्याला?" आणि तिनं त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. तिला लोकांवर माया करायची एवढीच रीत येते.

त्या गुरुवारी ती गेली. शुक्रवारी सकाळी माझं दुकान उघडताच ती टॉवेलांचा गठ्ठा घेऊन दारात उभी. मेहुणा त्या दिवशी नेमका मीटर सोडून लवकर आला होता, कसं झालं ते ऐकायला. तिनं गठ्ठा त्याच्या मांडीवर आपटला.

"थांबा खाली आहे," ती म्हणाली. "तुरुंग वर टेकडीवर आहे. बस एक पस्तीसला पोचली, तुझा शब्द खरा. मग चढ. मी चढले, बसले, चढले. वर गेले तर दोन वाजून बारा मिनिटं. खिडकी बंद. हात जोडले, पाया पडते म्हटलं, तो म्हणाला पुढच्या महिन्यात या."

मेहुण्यानं वही काढली. कशाला काढली देव जाणे. "थांब्याचं नाव कारागृहच आहे, मावशी," तो म्हणाला. "मी दोनदा जाऊन आलोय त्या बसनं."

"उतरला होतास?"

मेहुण्यानं वही मिटली.

"मेल्या, तुझी गाडी जिथं संपते ना, माझा मुलगा त्याच्या पुढे आहे."

ती निघून गेली. मी एप्रन झटकायला घेतला, आधीच स्वच्छ होता तो. बावन्न वर्षांचा माणूस मांडीवर टॉवेल घेऊन तोंडात मारल्यासारखा बसून राहिला. एरवी मी दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून जास्तच राग आला. आयुष्यभर उंटावरून शेळ्या हाकल्या, आता एक शेळी दरीत गेली.

आठवड्यानं मावशीकडे तुरुंगाचा छापील कागद आला. तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून माझ्याकडे आणला. मी वाचला. पुढच्या भेटीनंतर तिच्या मुलाला आणि आणखी काही जणांना दुसऱ्या तुरुंगात हलवणार होते. गावाचं नाव ऐकून मेहुण्याचा चेहरा पडला. एक दिवस आणि वर चार तास, असं तो हळूच म्हणाला. म्हणजे आता इथली एकच भेट उरली होती.

"मावशी," मी म्हटलं, "या वेळी थेट गाडीनं जा. भाडं मी देतो."

"तुझ्या पैशानं मुलाला भेटू? जन्मभर तुझे टॉवेल फुकट इस्त्री करून घेशील."

"मग मी देतो," मेहुणा म्हणाला.

"तू गप्प बस." तिनं कागदाची घडी घातली, इस्त्री केल्यासारखी चोख. "तिकडच्या थेट गाडीला दुकान विकावं लागेल. म्हणजे इथून पुढे मला याच्याच रस्त्यानं जायचंय. मग तो रस्ता माझ्या मुलापर्यंत पोचतो की नाही ते आत्ताच बघते. आणि तू माझ्याबरोबर येणार. शेवटपर्यंत."

मेहुणा त्या रात्री आमच्याकडे जेवायला आला आणि भात चिवडत बसला. मग एकदम आईला म्हणाला, "आई, तुझे गुडघे कसे आहेत?"

माझ्या सासूबाई आमच्याकडेच असतात. वय एकाहत्तर. मुलानं गुडघ्यांची चौकशी केली म्हणून त्यांचे डोळे भरून आले. "फार दुखतात रे," त्या म्हणाल्या.

"मावशींपेक्षा जास्त?"

"तिच्यापेक्षा कितीतरी जास्त."

"छान," मेहुणा म्हणाला. "मंगळवारी माझ्याबरोबर चल."

आणि नेलं हो त्यानं. सख्ख्या आईला चढ मोजायला नेलं. टेकडीच्या खाली उभं केलं, घड्याळ लावलं आणि म्हणाला, "चाल. घाई करू नकोस, पण मुद्दाम रेंगाळूही नकोस." बायको दिवसभर माझ्यावर चिडत होती, जसा काही तो माझा भाऊ. संध्याकाळी दोघं परत आली. मेहुण्याच्या वहीत लिहिलं होतं: चढ अडतीस मिनिटं. निम्म्यावर बसायला दगड, एकच. पाणी नाही. सावली नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या वहीत गाडीची नसलेली गोष्ट पाहिली.

सासूबाई पाय शेकत बसल्या होत्या. "बावन्न वर्षांत मुलानं पहिल्यांदा कुठं फिरायला नेलं," त्या म्हणाल्या, "तेही तुरुंगात." पण रागावल्या नव्हत्या. पुढे दोन दिवस येईल त्याला वरून किती लांबचं दिसतं ते सांगत होत्या.

मेहुण्यानं सगळं नव्यानं मांडलं. आणखी आधीची पॅसेंजर, आधीची बस, वर पोचायची वेळ एक वाजून दहा मिनिटं. गुरुवारी मी दुकान बंद ठेवलं, कारण बायको म्हणाली, "अहो, तुम्ही जा बरोबर. माझ्या भावावर एकट्यावर सोडू नका." बहिणीचा विश्वास म्हणतात तो हा. मी दुकानातलं घडीचं स्टूल काखेत मारलं, कारण दगड एकच होता आणि आम्ही तिघं.

पहिली गाडी वेळेवर सुटली. दुसरी जंक्शनहून निघाली आणि एका ओसाड स्टेशनात जी थांबली ती थांबलीच. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मावशीनं मांडीवर दोन्ही हात घट्ट धरले होते. ती काही बोलत नव्हती, आणि मावशी बोलत नाही म्हणजे काळजी करायची वेळ. मेहुणा दारात उभा राहून सिग्नलकडे बघत होता.

"मालगाडी पुढे काढतायत," तो परत येऊन म्हणाला. "अजून अर्धा तास तरी. आपली बस गेली आता. उतरा."

"इथं?" मी म्हटलं. "इथं कुत्रंसुद्धा नाही."

"स्टेशनमागे साखर कारखान्याची बस लागते, बारा वीसला. दुसऱ्या पाळीच्या कामगारांची. इतरांनाही घेतात, ड्रायव्हरला विचारावं लागतं. ती कारागृहाच्या थांब्यावरून जाते."

"हे कुठल्या वेळापत्रकात आहे?"

"कुठल्याच नाही. त्या मंगळवारी आईला तहान लागली म्हणून इथं उतरलो होतो, तेव्हा दिसली."

आम्ही रूळ ओलांडून पळालो. म्हणजे मी आणि मेहुणा पळालो, मावशी आमच्या मध्ये दोन्ही काखांत हात देऊन जवळजवळ उचललेली. वाटेत तिनं आम्हा दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मला बरं वाटलं, बोलायला लागली म्हणून. बस उभी होती. ड्रायव्हरनं एकदा मावशीकडे आणि एकदा माझ्या स्टुलाकडे पाहिलं आणि काही न विचारता आत घेतलं.

एक वाजून सात मिनिटांनी बस टेकडीखाली थांबली. मी उतरलो, मावशीला उतरवलं. मेहुणा आतच. खिडकीशी बसलेला, वही मांडीवर, निवांत. सवयच तशी, गाडी थांबली की हा परत निघायची वाट बघतो. मावशीनं बाहेरून खिडकीवर थाप मारली.

"उतर, मेल्या," ती म्हणाली. "इथून सुरू होतं."

चढ खरंच वाईट होता. निम्म्यावर मावशी दगडावर बसली, मी स्टुलावर आणि मेहुणा उभा राहून घड्याळ बघत. उन्हानं डोकं तापलं होतं. ती उठेना. म्हणाली, "दोन मिनिटं." पाच झाली. मेहुणा तिच्यासमोर खाली उकिडवा बसला, हात पुढे केला आणि म्हणाला, "मावशी, माझी आई इथून उठली होती. तिचे गुडघे तुमच्यापेक्षा वाईट आहेत, तिनं स्वतः सांगितलंय."

"खोटारडी आहे तुझी आई," मावशी म्हणाली आणि उठली.

एक वाजून त्रेपन्न मिनिटांनी आम्ही खिडकीशी होतो. आतल्या माणसानं नाव लिहून घेतलं, अंगठा घेतला, लहान दार उघडलं. मावशी पदरानं तोंड पुसत आत गेली आणि दार लागलं.

आम्ही रस्त्यापलीकडे भिंतीच्या सावलीत बसलो. मेहुणा बसल्या बसल्या दूरवर बघत होता. खाली रूळ दिसत होते, त्यावरून एक गाडी चालली होती. कुठली ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

वीस मिनिटांनी मावशी बाहेर आली. रडलेली दिसत होती, पण चेहरा मला कळेना. रस्ता ओलांडून ती आमच्याजवळ आली आणि माझ्या स्टुलावर बसली.

"वाळलाय," ती म्हणाली. "केस कसे कापलेत, बघवत नाही. उंदरानं कुरतडल्यासारखे." हे मला होतं. मग ती मेहुण्याकडे वळली. "मागच्या वेळी त्याचं नाव पुकारलं नाही. त्याला वाटलं आई आली नाही. त्याला वर शिवणखोलीत परत पाठवलं, तिथं काम करतो तो. वरची ती खिडकी, तिसरी. तिथून त्याला मी दिसले. इथंच, या भिंतीशी. परतीच्या बसला वेळ होता, म्हणून मी चारपर्यंत बसले होते ना. काय करत होते तर तुला शिव्या देत होते. तो वरून बघत होता. कपडे शिवायचे आणि बघायचं. चार वाजेपर्यंत."

मेहुण्यानं वर पाहून खिडक्या मोजल्या.

"भेट वीस मिनिटांची असते," मावशी म्हणाली. "त्या दिवशी त्याची दोन तास झाली. मला ठाऊकच नाही. मी एकदाही वर बघितलं नाही रे."

तिनं नाक ओढलं, आणि मग आम्हाला दोघांना जवळ बसायला सांगितलं, पण मध्ये नाही, बाजूला, म्हणजे ती झाकली जाणार नाही. तिसऱ्या खिडकीत गजांमागे काहीतरी हललं. कोण ते एवढ्या लांबून दिसत नव्हतं. मावशीनं हात वर केला आणि वरच ठेवला. थोड्या वेळानं मीही केला, लाज वाटत होती तरी. मेहुणा वर बघून नुसता रडत होता, त्या पोराला वाटलं असेल हा कोण नातेवाईक. आमची बस चार चाळीसला होती. आम्ही चारपर्यंत तिथंच बसलो.

आम्ही उतरायला लागलो. निम्म्यावर, त्या दगडापाशी, मावशी थांबली.

"नव्या गावाला आधी जाऊन येशील ना?" तिनं मेहुण्याला विचारलं.

"सोमवारी निघतो. आईलाही नेतो."

"चढ बघ. पाणी बघ. बसायला काही आहे का बघ." ती पुन्हा चालू लागली. "आणि खिडक्या रस्त्याकडे उघडतात का, तेही बघून ये."

मेहुण्यानं उभ्याउभ्या वही काढली आणि लिहून घेतलं.